मान काखेत सापडल्यावर

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत काय घडलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. शाळेत शिकवलेलं असतं, शाहिराच्या तोंडून ऐकलेलं असतं, कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. कथा इतकी तोंडपाठ झाली आहे की जुनं वर्णन उघडून सावकाश वाचायला कोणी थांबत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९४ साली जिंजीला बखर लिहिली. त्या बखरीत प्रत्यक्ष झटापटीच्या वाट्याला मोजकीच वाक्यं आली आहेत; छापील अर्धं पानही भरणार नाही. पण अंगानं दांडगा, पकडीचा पक्का माणूस धरतो तेव्हा सापडलेल्या माणसाने सुटायचं कसं, यावर याहून नेमकं मराठी गद्य मी वाचलेलं नाही. त्या अर्ध्या पानाबद्दल मला लिहायचं आहे.

मी बीडजवळच्या पालीचा. बिंदुसरेचं धरण आमच्या गावाशी आहे आणि गावावरून जाणारा सोलापूरचा रस्ता मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा करत पुढे तुळजापूरला पोचतो. घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी धावत येणारी पोरं याच रस्त्याने आपापल्या गावाला जातात. विजापूरहून निघालेला अफजलखान तुळजापूरला आला आणि त्याने भवानीची मूर्ती फोडली, असं सभासद सांगतो. त्यामुळे प्रतापगड इथून लांब असला, तरी ही गोष्ट आमच्याकडे परमुलखातली वाटत नाही. दुसरं असं की आमच्या भागात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या जोडीपर्यंत लोक उन्हात बसून पाहतात आणि डाव बसायच्या आधीच ओळखतात. अशा फडाशेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सभासदाचं ते अर्धं पान वाचलं, की त्यातली एकेक हालचाल सुटी होऊन दिसायला लागते.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती जागेच्या वाटपाची. झटापट चार ओळींत उरकणारा हा लेखक तिच्या आधीच्या बोलाचालीला मात्र भरपूर जागा देतो. वकील येतात-जातात. खान हजार-दीड हजार बंदुकवाले बरोबर घेऊन निघतो, तेव्हा राजांचे वकील पंताजी गोपीनाथ त्याला म्हणतात की एवढा जमाव पाहिला तर राजा धास्ती खाऊन परत गडावर जाईल. तिकडून तो दोन माणसांनिशी येईल, इकडून तुम्हीही दोघांनिशी चला. खानाला ते पटतं. शामियान्यातली उंची बिछायत पाहून तो चिडतो, राजे लवकर या म्हणून माणसं पाठवतो. राजे मात्र गड उतरून हळूहळू चालत येतात. जवळ आल्यावर विचारतात, खानाबरोबर तो कोण? सय्यद बंडा, नावाजलेला पटाईत. मग निरोप जातो की खान मला वडिलांच्या जागी, पण या सय्यद बंडाची भीती वाटते, त्याला दूर करा. तोही दूर होतो.

हे सगळं मुत्सद्देगिरी म्हणून आपण वाचतो आणि ते तसं आहेच. पण कुस्तीच्या बाजूने पाहिलं तर राजे इथे जोड ठरवत आहेत. हगाम्यात पंच दोन्ही पैलवानांना शेजारी उभं करून अंगलट पाहतात, वजनाचा अंदाज घेतात आणि मगच हाताला हात देतात. रस्त्यावर, शेतात, अंधारात कोणी धरलं तर असा पंच नसतो. ज्याला आपल्यापेक्षा दांडग्याला तोंड द्यायचं आहे त्याला जोड आपणच लावून घ्यावी लागते. माणसं किती, हत्यारं कोणती, जागा कुणाची, घाई कुणाला. सभासद एकेक गोष्ट खानाच्या पारड्यातून काढून घेताना दाखवतो. हजार बंदुका गेल्या, पटाईत गेला, जावळीच्या रानात घोडदळाचा उपयोग गेला, शांतपणाही गेला. एकच गोष्ट काढता आली नाही. भेट म्हणजे आलिंगन. दरबारी रिवाजाप्रमाणे ते द्यावंच लागणार होतं. म्हणजे सगळी व्यवस्था करूनही राजांना शेवटी त्या माणसाच्या मिठीत स्वतःच्या पायांनी चालत जायचं होतं.

आणि त्या मिठीचीच तयारी पुढच्या वाक्यांत आहे. कुडती घातली, पायांत चोळणा घालून कास कसली, हातांत बिचवा आणि वाघनख चढवलं. कास कसल्याचं सांगायला सभासद विसरत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. लांग सैल असेल तर पैलवान मातीत उतरत नाही. कपडा पायात आला तर सगळी ताकद फुकट. ही बारीक गोष्ट एखाद्या कवीने गाळली असती. सभासदाला ती सांगावीशी वाटली, कारण पुढे उडी मारायची आहे. अंगातली कुडती कसली होती याची फोड तो करत बसत नाही, पण खानाची जमदाड, म्हणजे कट्यार, तिच्यावरून घासत जाते, आत जात नाही, एवढं सांगितल्यावर ती लोखंडी कड्यांची असणार हे वाचणाऱ्याला कळतंच. उलट खानाच्या अंगात नुसता झगा होता, हे वाक्य त्याने राखून ठेवलं आहे. ते कुठे येतं? पोशाखाच्या वर्णनात येत नाही. वाघनखांचा हात पोटात गेल्यावर येतं. आपल्या बळाची खात्री असलेला माणूस बिनचिलखताचा आला होता, ही गोष्ट वाचकाला आणि खानाला एकदमच कळते. बखरकार म्हणून आपण ज्यांना केवळ साधनं समजतो, त्यांच्यातला हा माणूस गोष्ट सांगण्यात किती मुरलेला होता ते इथे दिसतं.

आता मुख्य क्षण. भेटताच खानाने राजांची मान कवटाळून काखेत दाबली.

ही पकड काय असते ते ज्याने अंगावर घेतली आहे त्यालाच ठाऊक. कान त्याच्या बरगडीवर चेपलेला असतो. हनुवटी आत वळवायला उसंत मिळाली नाही तर मनगटाचं हाड नरड्यावर येतं. डोळ्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही. दिसते त्याची कंबर, त्याचे पाय आणि जमीन. कमरेत वाक आल्यामुळे पायांतला जोर निघून जातो आणि जितकं मागे ओढावं तितका फास आवळत जातो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. कुस्तीत मानेवर आलेला हात ही पुढच्या डावाची सुरुवात असते. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची ढाक प्रसिद्ध होती. त्या डावात मानेभोवती हात टाकून समोरच्याला कमरेवरून फेकतात. म्हणून तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी मान सांभाळायला सांगतात, डाव नंतर.

खान तालमीतला मल्ल होता असं सभासद म्हणत नाही. त्याच्या अंगाची मापंही देत नाही. सात फुटांची उंची वगैरे पुढच्या सांगणाऱ्यांची. पण त्याने वर्णिलेली पकड मात्र जाणत्याची आहे. एका हाताने मान, दुसऱ्या हाताने कुशीत जमदाड. मान दाबली की बरगड्यांची बाजू आपोआप उघडी पडते आणि वार नेमका तिथेच येतो.

आपल्या घरांतल्या चित्रांत हा क्षण नसतो. चित्रात राजे ताठ उभे असतात, खानाचा देह मागे झुकलेला असतो, वाघनखं पोटात गेलेली असतात. व्याख्यानांतही मिठीवरून एकदम पोटावर उडी जाते. मधला क्षण, ज्यात राजांची मान शत्रूच्या काखेत आहे आणि त्यांना त्याचं तोंडही दिसत नाही, तो आपण घाईने ओलांडतो. आपल्या दैवताला तशा अवस्थेत पाहायला जीव धजत नाही, हे मी समजू शकतो. पण सभासदाने तो गाळलेला नाही. ज्याच्या पदरी अन्न खाल्लं त्या राजाबद्दल, त्याच्याच मुलासाठी लिहिताना त्याने तो जसाच्या तसा ठेवला. माझ्या मते त्या अर्ध्या पानातली सगळी ताकद या प्रामाणिकपणात आहे. सापडलेल्या माणसाची अवस्था दाखवली नाही तर सुटण्याला काही किंमत उरत नाही.

पुढचा क्रम बोट ठेवून वाचण्यासारखा आहे. जमदाड कुडतीवर घासून गेली, अंगाला लागली नाही. हे पाहून राजांनी डाव्या हाताचं वाघनख पोटात चालवलं. मग उजव्या हाताच्या बिचव्याचा मारा. असे दोन वार केल्यावर मान हिसडून सोडवली आणि चौथऱ्याखाली उडी टाकून निघून गेले.

मान सोडवणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. कोणत्याही धरलेल्या माणसाचा जीव आधी मानेकडे धाव घेतो. दोन्ही हात आपसूक त्या आवळणाऱ्या दंडाकडे जातात आणि तो सोडवायला लागतात. दंड त्याचा, ताकद त्याची, पकड त्याच्या सवयीची. तिथे भांडणं म्हणजे ज्या खेळात तो तयार आहे तोच खेळ त्याच्याशी खेळणं. सभासदाचे राजे पकडीशी भांडतच नाहीत. धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, एक मानेवर आणि दुसरा हत्यारावर, आणि त्याचं पोट आपल्या तोंडाशी आहे, एवढंच ते पाहतात. पोटात कळ गेली की दंड आपोआप सैल पडतो. मग मान ओढायची. तालमीत बगलडूब शिकवतात, समोरच्याच्या काखेखालून डोकं काढून पाठीमागे निघण्याचा डाव. पण तो पकड बसायच्या आधीचा डाव आहे. पकड पुरती बसल्यावर, तीही वरचढ माणसाची, साध्या हिसक्याने डोकं निघत नाही हे फडातलं पोरही सांगेल.

याच प्रसंगाचं दुसरं वर्णन शेजारी ठेवून पाहावं. कवींद्र परमानंदाचं संस्कृत ‘शिवभारत’ सभासदाच्या आधीचं. स. म. दिवेकरांनी ते मराठी भाषांतरासह १९२७ साली प्रसिद्ध केलं. परमानंदाकडेही खान डाव्या हाताने मान धरतो आणि उजव्या हाताने कुशीत कट्यार मारतो. पण तिथले शिवाजीराजे बाहुयुद्धात निपुण आहेत. ते लगेच मान सोडवून घेतात, अंग किंचित आखडून कट्यार चुकवतात आणि मग तलवारीने खानाचं पोट फाडतात. क्रम उलटा झाला: आधी सुटका, मग वार. वाघनख नाही, बिचवा नाही.

दोन्ही वर्णनं मला प्रिय आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी. परमानंदाचं अंग आखडणं हे अस्सल निरीक्षण आहे. कंबर मागे आणि तिरकी घेतली की पात्याला सरळ मार्ग मिळत नाही. मिठीत सापडल्यावर जागा तयार होते ती कमरेनेच, हातांनी नाही. ज्याने झोंबी पाहिली आहे त्यालाच हे सुचेल. पण मान सोडवण्याचं काम तो एका विशेषणावर निभावून नेतो. नायक निपुण आहे, म्हणून सुटला. महाकाव्याला ते चालतं. सभासदाकडे नायकाच्या निपुणतेचा दाखला नाही. आहे ती कारणांची साखळी. कुडती होती म्हणून पहिला वार वाचला, वार वाचला म्हणून हाताला वेळ मिळाला, हातात वाघनख होतं म्हणून अंतर नसतानाही मारता आलं, मार बसला म्हणून पकड ढिली झाली, पकड ढिली झाली म्हणून मान निघाली. यातली एक कडी काढा, पुढचं सगळं कोसळतं. म्हणून मी सभासदाच्या बाजूने आहे.

पोवाड्याची तऱ्हा आणखी निराळी. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या संग्रहात आला. त्यात हातघाईच्या आधी दोघांची तोंडातोंडी रंगते, एकमेकांचं कूळ काढलं जातं. डफावर तेच हवं. समोर बसलेल्या लोकांना हुरूप यायला हवा. सभासदाने ऐन क्षणी दोघांनाही गप्प ठेवलं आहे. गळा दाबलेला माणूस बोलत नाही, हे त्याला कळत होतं.

वाघनखाबद्दल थोडं थांबतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात तीन वर्षांच्या बोलीवर आलं तेव्हा मोठी गर्दी लोटली. ते साताऱ्याला राहिलेल्या जेम्स ग्रँट डफकडून तिकडे गेलेलं. प्रतापगडावर वापरलेलं तेच का, याची खातरजमा झालेली नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. मला त्या वादापेक्षा त्या वस्तूच्या घडणीचं अप्रूप आहे. आडव्या पट्टीला दोन्ही टोकांना अंगठ्यांसारखी कडी, तळहाताच्या बाजूला वळलेल्या चार पोलादी नख्या. कडी बोटांत असल्यामुळे हिसक्यात हत्यार हातातून सुटत नाही. मूठ मिटली की बाहेरून फक्त अंगठ्या दिसतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला लांबी नाही. तलवार चालवायला हात उगारावा लागतो, कट्यारीला निदान कोपरभर मागे घ्यावा लागतो. काखेत मान अडकलेल्या माणसाला तेवढीही जागा नसते. वाघनखाला जागाच लागत नाही, पंजा लावून ओढला की झालं. मिठीसाठी निवडलेलं याहून योग्य हत्यार मला सुचत नाही. आणि मग बिचवा दुसऱ्या हातात, कारण पहिल्या माराने अंतर थोडं वाढलेलं असणार. आधी नख्या, मग पातं, हा क्रमही सभासदाने अचूक ठेवला आहे.

यानंतरचं वाक्य मला सगळ्यात मोठं वाटतं. राजे उडी टाकून निघून जातात. दोन वार बसलेला शत्रू समोर आहे. कोणत्याही शाहिराचा हात इथे तिसरा वार लिहून गेला असता. सभासद लिहीत नाही. राजे त्याला चीत करायला थांबत नाहीत, छातीवर बसत नाहीत, काही बोलतही नाहीत. कुस्तीत पाठ टेकवल्याशिवाय निकाल नाही. जिवावरच्या प्रसंगात हाताबाहेर निघणं हाच निकाल. खान दगा दगा म्हणून ओरडतो, भोई पालखी आणतात, राजांचा माणूस संभाजी कावजी भोयांचे पाय तोडून खानाचं शिर कापतो. ते पुढचं युद्ध आहे आणि ते दुसऱ्यांच्या हातून होतं.

पण इथे गोष्ट संपत नाही, आणि हीच सभासदाची शहाणीव. सय्यद बंडा धावून येतो आणि पट्ट्याचे वार करतो. राजे चार वार अडवतात. पाचवा बसणार एवढ्यात राजांच्या बरोबरचा जिऊ (जिवा) महाला त्याचा पट्ट्याचा हात खांद्यातून तोडतो. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ही म्हण आपण जिवा महालाच्या कौतुकासाठी वापरतो. ती तेवढीच नाही. एका पकडीतून सुटलेला माणूस दमलेला असतो, त्याचं सगळं लक्ष पहिल्याकडे गेलेलं असतं आणि दुसरा नेमका तेव्हा येतो. पहिल्याशी मातीत लोळत बसले असते तर दुसऱ्याचे चार वार अडवायला राजे उभेच नसते. उडी का मारली, याचं उत्तर सभासद पुढच्या ओळींत देतो, कुठलंही स्पष्टीकरण न करता.

एक उणीव मला जाणवते तीही सांगितली पाहिजे. प्रसंग संपल्यावर सभासद खानाला दुर्योधनाची आणि राजांना भीमाची उपमा देतो. बळाच्या दृष्टीने दुर्योधन ठीक. पण त्याने इतक्या काळजीने जे लिहिलं त्यात राजे बळाने भीम नव्हतेच. कमी अंगाचा माणूस बुद्धीने कसा तरला, हीच तर गोष्ट होती. बाहुयुद्धाचा दाखला हवा तर भीम-जरासंधाची कुस्ती होती, तीही त्याने घेतली नाही. दुर्योधनाच्या मांडीवरचा गदेचा प्रहार नियमाबाहेरचा होता, हे महाभारत जाणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. प्रतापगडावर दगा कोणी केला हा वाद त्याच्याही कानावर असेल काय, आणि म्हणून तर ही उपमा आली नसेल, अशी शंका मनात येते. पहिला हात खानाने उचलला असं सभासद आणि परमानंद दोघेही सांगतात, आणि दोघेही राजांच्या बाजूचे आहेत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने दोष राजांना दिला. सभासद त्या शामियान्यात हजर असलेल्यांत नव्हता. हजर असलेल्या मोजक्या माणसांची नावं तोच देतो आणि त्यांत त्याचं नाव नाही. पस्तीस वर्षांनी, ऐकलेल्यावरून लिहिलेली ही बखर आहे. तरीही हालचालींचा क्रम इतका बिनचूक लागतो की तो सांगणारा मूळ माणूस कोणीतरी अंगाने अनुभव घेतलेला किंवा अगदी जवळून पाहिलेला असावा, असं मला राहून राहून वाटतं.

या वर्णनाचा आज काय उपयोग, असं कोणी विचारेल. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला एक स्पर्धा झाली, तिच्यात रॉयस ग्रेसी नावाच्या ब्राझीलच्या सडपातळ माणसाने स्वतःपेक्षा वजनदार तिघांना एका रात्रीत शरण आणलं. ठोसे मारणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची पकड सोडवता आली नाही. धरायला शिकलेला माणूस धरल्यावर किती घातक असतो ते तेव्हापासून जगभरच्या आखाड्यांत सगळ्यांना पटलं. हगामे पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना ते पटवावं लागत नाही. चार महिने तालीम केलेल्या पोराने धरलं तर न केलेल्या बाप्याला हलता येत नाही, हे आपण पाहिलेलं असतं. मग असा माणूस वाईट हेतूने अंगावर आला तर? शाळा-कॉलेजांतल्या मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग होतात तेव्हा ठोसा आणि लाथ यांवर भर असतो; त्या लांबच्या गोष्टी आहेत. धरणारा लांब राहतच नाही.

तिथे सभासदाचा क्रम जसाच्या तसा लागू पडतो, हत्यार नसलं तरी. मान सापडताच हनुवटी छातीला लावून तोंड त्याच्या अंगाकडे वळवायचं, म्हणजे नरडं वाचतं. कुडतीचं काम हनुवटीने करायचं. एका हाताने त्याचा दंड सोडवत बसायचं नाही, श्वासापुरता खाली ओढून धरायचा. दुसरा मोकळा हात जिथे त्याला राखण नाही तिथे: जांघेत, डोळ्यांत, बरगड्यांखाली, टाच त्याच्या पायाच्या पंजावर. एकदा नाही, लागोपाठ. पकड सैल पडली की डोकं काढायचं आणि पळायचं, ओरडत पळायचं, माणसांकडे पळायचं. त्याला धडा शिकवायला थांबायचं नाही. कायद्याचंही म्हणणं तेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ व्या कलमापासून खासगी बचावाचा हक्क सांगितला आहे, आणि ३७ व्या कलमाने त्याला बचावाला लागेल तेवढ्याच इजेची मर्यादा घातली आहे. हे कागदावर वाचून अंगात येत नाही, हेही खरं. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, दोघांनी दोघांना धरून, पुन्हा पुन्हा करावं लागतं. आमच्याकडच्या तालमींतल्या वस्तादांना हे शिकवायला सांगितलं तर कोणत्याही शहरी वर्गापेक्षा ते चांगलं शिकवतील असं माझं ठाम मत आहे, कारण पकड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे.

माझी एक विनंती आहे. का. ना. साने यांनी छापलेली सभासद बखर आज सहज मिळते. १९ फेब्रुवारीला गावोगाव मिरवणुका निघतात, भाषणं होतात. त्या दिवशी शाळेत कोणीतरी ते अर्धं पान उभं राहून मोठ्याने वाचावं. भाषा जुनी असली तरी अडत नाही, आमच्याकडचं आठवीतलं पोरही अर्थ लावतं. आणि वाचताना मान काखेत सापडल्याचं वाक्य गाळू नये. मुलींना तर ते आधी वाचून दाखवावं.